होल्डर स्पिंडलमध्ये अडकू नये म्हणून

मिलिंगचे काम करणाऱ्या वाचकांकडून एक तक्रार फिरून फिरून येते. टूल बदलायची आज्ञा दिली, हवेचा आवाज झाला, पण होल्डर खाली आलाच नाही. मग प्रश्न सुरू होतात. हातोडी मारू का? एअरचे प्रेशर वाढवू का? पुल स्टड आणखी आवळू का? टेपरला ग्रीस फासून ठेवू का?

या चारही प्रश्नांना बहुतेक वेळा एकच उत्तर आहे: नको. होल्डर अडकला म्हणजे तो फार घट्ट धरला गेला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात अनेकदा उलटे घडलेले असते. पकड सैल झालेली असते, टेपर पूर्ण टेकत नसतो, मध्ये कचरा किंवा गंज असतो, किंवा तापमानाने खेळ केलेला असतो. जोर वाढवून यातले काहीच सुटत नाही. स्पिंडलच्या बेअरिंगला मात्र कायमची इजा होते. म्हणून कारण शोधणे हाच स्वस्त मार्ग आहे.

आत्ता अडकलेलाच असेल तर

हा लेख अडकलेल्या होल्डरसमोर उभे राहून वाचत असाल, तर आधी एवढे करा.

1. टेबलावर, कटरच्या बरोबर खाली, जाड लाकडी फळी ठेवा. होल्डर सुटतो तेव्हा अचानक सुटतो. कटरखाली हात नको.
2. एअरचे प्रेशर गेजवर पाहा. बहुतेक व्हीएमसींना साधारण ६ बार लागते. शेजारच्या मशीनवर कोणी एअर गन चालवत असेल तर टूल सोडण्याच्या क्षणी प्रेशर कोसळते, आणि नुसते गेज पाहून ते कळत नाही. बटण दाबल्यावर काटा किती खाली येतो ते बघा.
3. अनक्लॅम्पचा सेन्सर लागतो का, ते कंट्रोलच्या डायग्नोसिस पानावर तपासा. सेन्सर लागत नसेल तर ड्रॉबार पूर्ण खाली गेलेला नाही: हवा कमी आहे, सिलिंडर गळतो आहे, किंवा टेपरच इतका धरला आहे की ड्रॉबार त्याला ढकलू शकत नाही. सेन्सर लागतो आणि तरी होल्डर हलत नाही, तर ड्रॉबारने पुल स्टडला शेवटचा धक्का देण्याचे अंतर बिघडले आहे, किंवा स्टड चुकीचा आहे.
4. हवा ठीक असेल तर बटण दाबून धरा आणि दुसऱ्या माणसाला होल्डरच्या कडेवर प्लास्टिकच्या किंवा तांब्याच्या हातोडीने एक-दोन हलके ठोके मारू द्या. एक-दोनच. स्पिंडलमधल्या अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगच्या गोळ्यांनी रेसवर एकदा खड्डा पाडला की तो बुजत नाही.
5. तरीही सुटला नाही तर तापमानाचा उपाय करून पाहा. बटण सोडा, होल्डर पुन्हा क्लॅम्प झाल्याचा सेन्सर खात्रीने लागलेला आहे हे बघा, दार बंद करून मध्यम आरपीएमवर दहा मिनिटे स्पिंडल फिरवा आणि कूलंटचा झोत टूलवर आणि होल्डरच्या कडेवर ठेवा. स्पिंडल कोमट आणि होल्डर गार, एवढाच फरक हवा आहे. स्पिंडल थांबताच लगेच अनक्लॅम्प करा. क्लॅम्पचा सेन्सर लागत नसेल तर स्पिंडल अजिबात फिरवू नका.
6. यानेही सुटला नाही तर थांबा आणि सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा.

गॅसची ज्योत स्पिंडलच्या तोंडाला लावू नका. बेअरिंगचे ग्रीस जळते आणि टेपरचा कडकपणा उतरतो. रेग्युलेटर मॅन्युअलमधल्या आकड्याच्या वर नेऊ नका. आणि ड्रॉबार स्वतः उघडू नका. वीज आणि हवा दोन्ही बंद केली तरी त्यातल्या डिस्क स्प्रिंग दाबलेल्याच असतात. बीटी ४० मशीनवर त्यांची ओढ साधारण एक टनाच्या घरात असते.

तुमचा टेपर कोणता?

बीटी, एसके, कॅट आणि आयएसओ या सगळ्यांचा टेपर एकच आहे: ७/२४. म्हणजे २४ मिमी लांबीत व्यास ७ मिमीने कमी होतो. हा स्वतःहून सुटणारा टेपर मानला जातो, पण थोडक्यात सुटणारा. पृष्ठभागांमधला घर्षणांक सुमारे ०.१४६ च्या खाली असेल तरच तो सुटतो. स्वच्छ, किंचित तेलकट पोलादावर तो त्याच्या खाली राहतो. कोरड्या, गंजलेल्या, ओरखडलेल्या टेपरवर तो सहज वर जातो. म्हणून तोच होल्डर नव्या मशीनवर अलगद पडतो आणि जुन्यावर हटून बसतो.

मोर्स टेपर वेगळा. त्याचा उतार साधारण १:२० इतका मंद आहे आणि तो धरून ठेवण्यासाठीच बनवलेला आहे. तो ठोक्याशिवाय किंवा ड्रिफ्टशिवाय निघत नाही, आणि ती तक्रार नव्हे. आर ८ चा उतार ७/२४ च्या जवळचा आहे. तो हलक्या ठोक्याने सुटायला हवा.

पुढचे बरेचसे विवेचन ७/२४ टेपरच्या व्हीएमसीसाठी आहे. हाताने चालणाऱ्या मशीनसाठी शेवटाकडे वेगळा भाग दिला आहे.

नेमका केव्हा अडकतो?

कारण शोधायचे तर आधी वेळ लिहून काढा.

- सुट्टीनंतर पहिल्यांदाच मशीन चालू करताना अडकत असेल, तर ओल आणि गंज.
- सकाळी ठीक, दुपारी किंवा लांबलचक सायकलनंतर अडकत असेल, तर तापमान.
- ठरावीक एकच टूल अडकत असेल, तर तो होल्डर किंवा त्याचा स्टड.
- सगळीच टूल्स अडकत असतील, तर हवा, ड्रॉबार किंवा स्पिंडलचा टेपर.
- जड रफिंगनंतर, विशेषतः मोठ्या फेस मिलनंतर अडकत असेल, तर सूक्ष्म हादरे आणि कमी पडलेली ओढ.

टूल बदलताना ‘फट्’ असा आवाज येऊ लागला असेल तर होल्डर अजून सुटतो आहे म्हणून दुर्लक्ष करू नका. टेपर धरायला लागल्याची ती पहिली खूण आहे. पुढच्या वेळी एटीसीचा हात न सुटलेल्या होल्डरला ओढू पाहील, आणि मग हात वाकणे किंवा टूल पडणे हे ठरलेले.

गरम स्पिंडल, गार होल्डर

हे कारण सर्वांत कमी ओळखले जाते, म्हणून जरा सविस्तर.

तासभर वेगाने फिरलेला स्पिंडल समजा मॅगझिनमधल्या होल्डरपेक्षा २० अंशांनी गरम आहे. बीटी ४० टेपरचा मोठा व्यास ४४.४५ मिमी. पोलादाच्या प्रसरणाने स्पिंडलचे भोक तिथे सुमारे १० मायक्रॉनने मोठे झालेले असते. गार होल्डर त्यात शिरतो आणि टेपरच्या उतारामुळे नेहमीपेक्षा सुमारे ३५ मायक्रॉन अधिक आत ओढला जातो. मग काम चालू असताना होल्डरही तापतो आणि फुगतो. त्याला बाहेर सरकायचे असते, पण वरून टनभर ओढ असते. तो आहे तिथेच पाचर बनून बसतो. त्यानंतर मशीन बंद करून दोघे एकत्र गार झाले तरी पाचर सुटत नाही, कारण दोघे सारखेच आकसतात. ‘गार होऊ दे, मग निघेल’ ही वाट पाहणे म्हणूनच फुकट जाते.

उपाय साधे आहेत:

- पाळीच्या सुरुवातीला वॉर्म-अप प्रोग्रॅम चालवा. कमी आरपीएमपासून टप्प्याटप्प्याने वाढवत दहा ते वीस मिनिटे पुरतात. स्पिंडल रिकामा फिरवू नका, त्यात होल्डर असू द्या.
- वॉर्म-अप संपला की तो होल्डर एकदा काढून पुन्हा बसवा. साचलेला ताण तिथल्या तिथे मोकळा होतो. हे पाऊल बहुतेक ठिकाणी वगळले जाते, आणि माझ्या मते या लेखातले सर्वांत किफायतशीर पाऊल हेच आहे.
- एकाच टूलची सायकल तास-दोन तास चालणार असेल तर प्रोग्रॅममध्ये मध्येच एक टूल चेंज घाला. अर्थात फिनिशिंगच्या मधोमध नको. होल्डर पुन्हा बसल्यावर उंचीत काही मायक्रॉनचा फरक दिसू शकतो.
- स्पिंडल चिलर असेल तर त्याच्या तेलाची पातळी आणि जाळी पाहा. धुळीने बुजलेली जाळी चिलरला निकामी करते.

तांबूस भुकटी दिसते का?

होल्डर काढल्यावर टेपरवर तपकिरी-लालसर डाग किंवा बारीक भुकटी दिसली, तर तो साधा गंज असेलच असे नाही. दोन पृष्ठभाग एकमेकांवर काही मायक्रॉन घासत राहिले की धातूचे कण सुटतात, हवेने गंजतात आणि मध्येच अडकून पुन्हा घासतात. याला फ्रेटिंग म्हणतात. डाग पुसून टाकला की प्रश्न मिटला असे समजू नका; घासणे का होते आहे ते शोधा.

ड्रॉबारची ओढ कमी झाली आहे का? डिस्क स्प्रिंग काळाने थकतात, काही तुटतात. ओढ मोजायचे गेज मिळते. सहा महिन्यांतून एकदा मोजून आकडा लिहून ठेवा. स्वतःकडे गेज नसेल तर वार्षिक देखभालीच्या करारात ही मोजणी लेखी घालून घ्या.

टेपर पूर्ण टेकतो का? होल्डरच्या टेपरवर प्रशियन ब्लूचा अगदी पातळ थर लावून तो क्लॅम्प करा आणि काढून पाहा. निळा रंग मोठ्या टोकाकडे सलग उतरला पाहिजे. फक्त लहान टोकाकडे उतरत असेल तर होल्डर खालच्या बाजूला डोलतो आहे. चांगल्या, नव्या होल्डरनेही तसेच दिसले तर दोष स्पिंडलचा आहे, आणि मग मशीनवरच टेपर ग्राइंड करून देणाऱ्यांना बोलवावे लागेल. स्पिंडलच्या टेपरला एमरी पेपर स्वतः लावू नका.

कटिंग किंचाळत करता का? टूलचा बाहेर आलेला भाग कमी करा, आरपीएम बदला. चॅटरचा उपद्रव जॉबच्या पृष्ठभागापुरता राहत नाही, तो टेपरही खातो.

पुसायचे कसे, लावायचे काय?

पुसण्यासाठी कॉटन वेस्ट वापरू नका. त्याचा एक धागा टेपरवर राहिला तरी होल्डर तिरका बसतो. धागे न सुटणारे फडके घ्या. स्पिंडलच्या आतून पुसायला फेल्टच्या पट्ट्या असलेला टेपर क्लीनर मिळतो, तो घ्या. बोटांनी खालचा काठ पुसला जातो, आतला भाग तसाच राहतो. पुसताना स्पिंडल पूर्ण थांबलेला आणि इमर्जन्सी बटण दाबलेले असावे. चिकट थर असेल तर फडके आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवा.

एअर गनचे तोंड खालून वर स्पिंडलमध्ये धरून फुंकण्याची सवय सोडा. चिप्स बाहेर येण्याऐवजी ड्रॉबारच्या बोटांमध्ये आणि सीलच्या आत जातात.

आता ग्रीसचा प्रश्न. टेपरवर ग्रीसचा थर नको. त्यात चिप्स रुततात आणि होल्डर थरावर तरंगतो. अँटी-सीझ पेस्ट तर अजिबात नको. तिच्यातले तांब्याचे किंवा ग्रॅफाइटचे कण टेपरमध्ये साचत जातात. पण हाडासारखा कोरडा टेपरही बरा नव्हे, कारण घर्षण वाढते आणि ओल पकडते. फडक्यावर हलक्या तेलाचे दोन थेंब घ्या, टेपरवरून फिरवा, मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून टाका. पुसल्यावरही जे उरते तेवढेच पुरे. मॅन्युअलने वेगळे सांगितले असेल तर मॅन्युअल प्रमाण. ग्रीसची खरी गरज ड्रॉबारच्या बोटांना असते, तेही मशीन बनवणाऱ्याने सांगितलेले आणि सांगितले तेवढेच.

जून ते सप्टेंबर आणखी एक काळजी घ्या. पावसाळी हवेत कंप्रेसरच्या टाकीत भरपूर पाणी साठते आणि टेपर साफ करणाऱ्या एअर ब्लोमधून तेच पाणी टूल चेंजच्या वेळी टेपरवर उडते. टाकी रोज ड्रेन करा, मशीनच्या एफआरएलचा वाडगा पाळीच्या सुरुवातीला बघा. कूलंट पातळ झाले तर तेही गंज आणते; रिफ्रॅक्टोमीटरने तपासत जा. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या पाळीत, आणि गणपती-दिवाळीच्या सुट्टीआधी तर न चुकता, स्पिंडलमधला होल्डर काढा, टेपर पुसा, तेलाचा हात फिरवा आणि प्लास्टिकचे झाकण लावा.

पुल स्टड: लहान भाग, मोठा घोटाळा

स्टड जितका घट्ट तितका चांगला, असे समजून लांब पाइप लावून आवळला जातो. बीटी ४० होल्डरचा स्टड एम १६ आट्यांचा असतो आणि होल्डरच्या लहान टोकाची भिंत तिथे फार जाड नसते. जास्त आवळले की ती भिंत बाहेर फुगते. फुगवटा काही मायक्रॉनचाच असतो, पण होल्डर तेवढ्यावरच टेकतो आणि मोठे टोक मोकळे राहते. मग हादरे, फ्रेटिंग आणि अडकणे.

- स्टड बनवणाऱ्याने दिलेल्या टॉर्कवरच, टॉर्क पान्याने आवळा. आटे आधी साफ करा.
- शंका असल्यास स्टड काढून आणि स्टड लावून, दोन्ही वेळा टेपर गेजमध्ये निळ्या रंगाने तपासा. फरक दिसला तर स्टडनेच भिंत फुगवली आहे.
- बीटीचे स्टड ४५ अंशांचे आणि ६० अंशांचेही येतात. लांबून सारखे दिसतात. चुकीचा स्टड ड्रॉबारच्या बोटांना फक्त कडेवर भेटतो, ओढ अर्धवट लागते. एका मशीनला एकच प्रकार ठेवा आणि कपाटात दोन्ही मिसळू देऊ नका.
- मानेवर बारीकशी भेग दिसली तरी स्टड फेकून द्या. फिरत्या स्पिंडलमध्ये स्टड तुटणे हा जिवावरचा अपघात आहे.

हाताने चालणाऱ्या मशीनवर

इथे ड्रॉबोल्ट तुम्हीच आवळता, त्यामुळे नियंत्रणही तुमच्याच हातात आहे.

सोडताना स्पिंडल सर्वांत खालच्या गिअरमध्ये ठेवा, ड्रॉबोल्ट एक ते दोन फेरे सैल करा आणि डोक्यावर पितळी हातोडीने एक नेमका ठोका द्या. ड्रॉबोल्ट अगदी शेवटच्या आट्यापर्यंत सैल करून ठोकलात तर सगळा मार एकाच आट्यावर पडतो. आटे चपटे होतात आणि मग होल्डर टेपरने नव्हे, आट्यांनी अडकतो. उलट पूर्ण काढून ठोकलात तर होल्डर सरळ टेबलावर.

आट्यांची जोडीही तपासा. आयएसओ ३० ला एम १२, ४० ला एम १६ आणि ५० ला एम २४ अशी मेट्रिक जुळणी असते. जुन्या, इंची मापाच्या मशीनवर एम १६ च्या जागी ५/८ इंची बोल्ट सापडतो. व्यासात फरक जेमतेम ०.१२५ मिमी, त्यामुळे दोन-तीन आटे तो जातोही, आणि मग रुततो.

आर ८ कॉलेट फिरू नये म्हणून स्पिंडलमध्ये छोटी पिन असते. ती तुटून खाचेत अडकली की कॉलेट ठोकूनही उतरत नाही. अशा वेळी ठोके वाढवू नका, पिन बाहेरून सोडता येते का ते पाहा.

मोर्स शँकवर मिलिंग करायचेच असेल तर मागे आटे असलेला शँक आणि ड्रॉबोल्ट हवा. नुसत्या टँगच्या भरवशावर बाजूने कटिंग केले तर शँक हळूहळू सुटतो.

नवे होल्डर, वॉरंटी आणि तुमचे हक्क

होल्डर घेताना टेपरची अचूकता एटी ३ किंवा त्याहून चांगली आहे का, हे विचारा आणि तपासणीचा कागद मागा. स्वस्त होल्डर महाग पडतो, कारण त्याचा दोष त्याच्यापुरता राहत नाही. पडलेल्या होल्डरच्या कडेला उठलेला धातू स्पिंडलच्या टेपरवर ओरखडा काढतो आणि मग तो ओरखडा मॅगझिनमधल्या प्रत्येक होल्डरवर उमटतो. पडलेला होल्डर थेट मशीनवर जाऊ देऊ नका. उठलेला भाग बारीक ऑइल स्टोनने, फक्त तेवढ्याच जागी, उतरवा, निळ्याने तपासा, शंका उरली तर बाद करा. प्रत्येक होल्डरवर क्रमांक कोरून घेतलात तर कोणता होल्डर किती वेळा अडकला, याची नोंद आपोआप बनते.

नवे मशीन ताब्यात घेताना टेस्ट मँड्रेलने मोजलेला स्पिंडलचा रनआउट आणि ड्रॉबारची ओढ, हे दोन आकडे अहवालात लिहून घ्या. विकत घेणारे म्हणून हे मागणे तुमचा हक्क आहे, आणि विकणाऱ्यालाही ते मोजायला फार वेळ लागत नाही. वॉरंटीत होल्डर अडकला तर काही ठोकण्याआधी फोटो काढा, अलार्मचा क्रमांक टिपा आणि लेखी तक्रार नोंदवा. स्पिंडलच्या तोंडावर हातोडीच्या खुणा दिसल्या की दावा मान्य करून घेणे अवघड जाते.

ऑपरेटर असाल तर हेही लक्षात ठेवा. कामाच्या जागेच्या सुरक्षिततेची माहिती आणि प्रशिक्षण मागण्याचा हक्क १९४८ च्या कारखाना कायद्यात १९८७ मध्ये घातलेल्या कलम १११अ ने दिला, आणि सुरक्षिततेची माहिती मागण्याचा हक्क २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहे. दाराचा इंटरलॉक उडवून, चालू स्थितीतल्या स्पिंडलखाली उभे राहून होल्डर काढायला सांगितले तर नाही म्हणा आणि ते लेखी कळवा.

जुने मशीन घ्यायला जात असाल तर स्वच्छ केलेला, निळ्याने तपासून खात्री केलेला स्वतःचा एक होल्डर सोबत न्या. मशीन अर्धा तास फिरवून गरम होऊ द्या, मग तो होल्डर बसवा, वीस मिनिटे फिरवा आणि काढा. आवाज ऐका, टेपरवरचा डाग पाहा. विकणाऱ्याच्या होल्डरवर ही परीक्षा घेऊ नका.